ज्ञान आल्यानंतरची फूट : बनी इस्राईलचे प्राचीन पंथ आणि आपण



पवित्र कुरआनचे पठण करताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. या ग्रंथात सर्वाधिक वेळा ज्या प्रेषितांचे नाव आले आहे ते ह. मूसा (अ.) होत, आणि पूर्वीच्या ज्या समाजाचा वृत्तांत सर्वाधिक तपशिलाने आला आहे तो बनी इस्राईलचा. असे का असावे? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अनुयायी समाजाला दुसऱ्या एका समाजाची गाऱ्हाणी ऐकवून त्याच्याविषयी तिरस्कार निर्माण करणे, हा यामागील हेतू खचितच नाही. ज्याच्यापाशी ईशग्रंथ होता, ज्याच्यात प्रेषितांमागून प्रेषित आले, ज्याला आपल्या काळातील जगावर श्रेष्ठत्व बहाल झाले, तो समाज कोणत्या वळणावर अडखळला, हे त्याच वाटेने जाणाऱ्या पुढच्या समाजाला कळावे, हा तो हेतू आहे. हा वृत्तांत म्हणजे आपल्यासमोर धरलेला आरसा आहे.

अबू दाऊद, तिर्मिजी आणि इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहांत प्रेषितांचे (स.) एक कथन आले आहे. यहुदी एकाहत्तर गटांत विभागले गेले, ख्रिस्ती बहात्तर गटांत, आणि माझा अनुयायी समाज त्र्याहत्तर गटांत विभागला जाईल, असा त्याचा आशय आहे. ही हदीस आपण सर्वांनीच ऐकलेली असते. ती सांगितली जाते तेव्हा ऐकणारा बहुधा एकच हिशेब करतो : बहात्तर गट कोणते आणि त्यांत शेजारच्या मशिदीतील लोक येतात की नाही! परंतु हदीसचा पहिला भाग आपण विचारात घेतो काय? यहुदी समाज विभागला गेला म्हणजे नेमके काय झाले? त्याचे पंथ कोणते होते, ते कशामुळे निर्माण झाले, प्रत्येकाचे काय बरोबर होते आणि काय चुकले, आणि अखेर त्याची किंमत कोणी मोजली? इतिहासाने या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच स्पष्टपणे जतन करून ठेवली आहेत. ती जाणून घेणे हे आपले कर्तव्य आहे.

पार्श्वभूमी

इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनचा राजा बुख्तनस्सर याने जेरुसलेम जिंकून ह. सुलैमान (अ.) यांनी उभारलेले उपासनागृह जमीनदोस्त केले आणि बनी इस्राईलच्या लोकांना कैद करून नेले. पुढे इराणच्या सम्राटाने बाबिलोन जिंकल्यावर त्यांना परतण्याची मुभा दिली. इ.स.पू. 516 च्या सुमारास उपासनागृह पुन्हा उभे राहिले. ह. उज़ैर यांनी तौरातच्या शिकवणीला नव्याने उजाळा दिला. राज्य गेले होते, पण ग्रंथ हाती होता आणि समाज त्या ग्रंथाभोवती एकवटला होता.

त्यानंतर ग्रीकांची सत्ता आली. इ.स.पू. 167 मध्ये अंतियोकस या राजाने उपासनागृह मूर्तिपूजेने विटाळले आणि तौरातचे आचरण हा गुन्हा ठरविला. तेव्हा मक्काबी घराण्याच्या नेतृत्वाखाली समाज उठला, झुंजला आणि तीन वर्षांत त्याने आपले उपासनागृह परत मिळविले.  विजय मिळाला, सत्ता आली, आणि पंथांचे उल्लेख इतिहासात दिसू लागतात ते नेमके याच वेळी. विजयी घराण्याने राज्यकारभाराबरोबरच प्रमुख धर्मगुरूचे पदही स्वतःकडे घेतले. मग प्रश्न उभे राहिले : या पदाचा खरा अधिकारी कोण? तौरातचा अर्थ सांगण्याचा हक्क कोणाचा?

पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने आपल्या समाजातील प्रमुख पंथांचे वर्णन करून ठेवले आहे. त्याने तारुण्यात तिन्ही पंथांची शिकवण स्वतः अनुभवून पाहिली होती.

सदूकी : सत्तेजवळचे लोक

पहिला पंथ सदूकींचा. उपासनागृहाची व्यवस्था पाहणारी धर्मगुरूंची उच्च घराणी आणि धनिक वर्ग यांचा हा पंथ. त्यांचे म्हणणे असे की, लिखित तौरातमध्ये जे आहे तेवढेच बंधनकारक. पूर्वजांकडून तोंडी चालत आलेल्या परंपरेचे बंधन आम्ही मानत नाही. वरवर पाहता ही भूमिका ग्रंथनिष्ठेची वाटते. परंतु जोसेफस सांगतो की, हे लोक शरीराबरोबर आत्माही नष्ट होतो असे मानत. मेलेल्यांचे पुन्हा उठणे त्यांना मान्य नव्हते. ज्याच्या श्रद्धेतून मरणोत्तर जीवन वजा झाले, त्याच्यासाठी धर्म म्हणजे केवळ या जगातील व्यवस्था उरते : पद, मान, उपासनागृहाचे उत्पन्न आणि राज्यकर्त्यांशी संधान. ज्या ग्रंथाच्या नावाने ते बोलत होते, त्या ग्रंथाचा जाब एक दिवस द्यायचा आहे, ही जाणीवच त्यांच्यातून निघून गेली होती.

फरीसी : लोकांचे शिक्षक

दुसरा पंथ फरीसींचा. या शब्दाचा अर्थ ‘वेगळे झालेले’ असा सांगितला जातो. जोसेफसच्या सांगण्यानुसार त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक होती. मात्र शहरांतील सामान्य जनता त्यांच्या बाजूने होती आणि प्रार्थना व उपासना त्यांच्याच मताप्रमाणे चालत. ते मरणोत्तर जीवन, देवदूत आणि ईश्वरी विधिलिखित मानत. त्याचबरोबर मनुष्य आपल्या कर्मांना जबाबदार आहे, असेही मानत. लिखित तौरातबरोबर तिचे तोंडी स्पष्टीकरणही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, असे त्यांचे मत होते. त्यांनी धर्माला उपासनागृहाच्या भिंतींबाहेर काढून घराघरांत, जेवणाच्या पानापर्यंत आणि बाजारातील व्यवहारापर्यंत नेले. हे त्यांचे मोठेच कार्य होय.

पण ‘वेगळे असणे’ हा जेव्हा सद्गुण ठरतो, तेव्हा सामान्य माणूस अपवित्र वाटू लागतो. नियमांभोवती नियमांचे कुंपण वाढत जाते आणि आतील मूळ वस्तू दिसेनाशी होते. ह. ईसा (अ.) यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. परसातील बारीकसारीक भाजीपाल्याचा दशांश मोजून देणारे न्याय, दया आणि प्रामाणिकपणा विसरतात, असा त्यांच्या उपदेशाचा आशय ख्रिस्ती धर्मग्रंथांत आढळतो. पुढे ‘फरीसी’ हा शब्दच ढोंगी माणसासाठी शिवीसारखा वापरला गेला. हे मात्र न्यायाला धरून नाही. कारण फरीसींच्याच परंपरेतून आलेल्या तालमूदमध्ये सात प्रकारच्या फरीसींचे वर्णन असून त्यांतील बहुतेक प्रकार दिखाऊ धार्मिकतेचे म्हणून हिणवले आहेत. ज्यांच्यात स्वतःचे दोष लिहून ठेवण्याची हिंमत होती, त्यांना सरसकट ढोंगी म्हणणे योग्य नव्हे.

एसेनी : वाळवंटातील पवित्र लोक

तिसरा पंथ एसेनींचा. संख्या चार हजारांच्या वर. 1947 साली मृत समुद्राच्या काठी कुमरान येथे एका बदाऊनी मेंढपाळाला गुहेत जुन्या हस्तलिखितांचे रांजण सापडले. पुढे एकूण अकरा गुहांमधून नऊशेहून अधिक हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. ही हस्तलिखिते याच पंथाची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे लोक संपत्ती सामाईक ठेवत, पांढरी वस्त्रे वापरत, थंड पाण्याने स्नान करून एकत्र भोजनाला बसत. नव्याने येणाऱ्याची सुमारे तीन वर्षे परीक्षा घेऊन मगच त्याला आपल्यात सामील करून घेत. त्यांच्यातील बरेच जण लग्नही करीत नसत.

त्यांची पवित्रता खरी होती, परंतु तिच्या भोवती भिंत होती. आपण तेवढे प्रकाशाची संतती आणि बाकीचे सर्व अंधाराची संतती, अशी त्यांच्या लिखाणाची भाषा आहे. शब्बाथच्या दिवशी खड्ड्यात पडलेले जनावरही वर काढू नये, असा नियम या हस्तलिखितांत आढळतो. त्यांची दिनगणनाही वेगळी होती. त्यांचे वर्ष 364 दिवसांचे असल्यामुळे त्यांचे सण जेरुसलेमच्या सणांशी जुळत नसत. एका हस्तलिखितात असा उल्लेख आहे की, जेरुसलेमचा एक धर्मगुरू या पंथाच्या गुरूवर प्रायश्चित्ताच्या महान दिवशीच चाल करून गेला. इतक्या पवित्र दिवशी तो प्रवासाला कसा निघाला? अभ्यासक अनुमान काढतात की, त्याच्या गणनेनुसार तो दिवस प्रायश्चित्ताचा नव्हताच! एकच ग्रंथ, एकच ईश्वर, एकच उपवास. पण एकाचा उपवासाचा दिवस दुसऱ्यासाठी चढाईचा दिवस ठरला.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. एकाच गल्लीत दोन दिवस साजऱ्या होणाऱ्या ईदची आठवण तुम्हाला झाली असेल, तर ती योग्यच आहे.

खंजीर उचललेले लोक

चौथा गट उशिरा आला. इ.स. 6 मध्ये रोमन सत्तेने करवसुलीसाठी शिरगणती सुरू केली, तेव्हा गालीलच्या यहूदा नावाच्या पुढाऱ्याने जाहीर केले की, ईश्वराखेरीज कोणालाही मालक म्हणणार नाही. घोषणा एकेश्वरत्वाची होती आणि अन्याय खरा होता. परंतु याच विचाराच्या पुढच्या पिढ्यांत असे लोक निघाले, जे वस्त्राखाली आखूड खंजीर लपवून सणाच्या गर्दीत मिसळत आणि आपल्याच समाजातील मतभेद असणाऱ्याला भोसकून पुन्हा गर्दीत नाहीसे होत. त्यांच्या हातून मारला गेलेला पहिला प्रसिद्ध माणूस रोमन नव्हता. तो त्यांच्याच समाजाचा माजी प्रमुख धर्मगुरू होता.

फुटीची किंमत

हे पंथ केवळ पाठशाळेत वाद घालीत राहिले असते, तर इतिहास वेगळा झाला असता. जोसेफसने एक प्रसंग नोंदवला आहे. हिर्कानस नावाचा राज्यकर्ता, जो प्रमुख धर्मगुरूही होता, मूळचा फरीसींचा शिष्य होता. एका मेजवानीत त्याने त्यांना विचारले, माझे काही चुकत असेल तर सांगा. सर्वांनी स्तुती केली. एकाने मात्र धर्मगुरूचे पद सोडण्याचा सल्ला दिला आणि सोबत त्या राज्यकर्त्याच्या मातेविषयी एक अनुचित अफवाही बोलून दाखवली. दरबारातील एका सदूकी मित्राने ही संधी साधली आणि हे सर्वच फरीसींचे मत असल्याचे हिर्कानसच्या मनात भरवले. हिर्कानस सदूकींकडे वळला आणि फरीसींचे नियम पाळणाऱ्यांना शिक्षा होऊ लागली. एका माणसाचा उद्धट शब्द आणि दुसऱ्याची चुगली. एवढ्यावरून एका समाजाच्या दोन फळ्या झाल्या.

हिर्कानसचा मुलगा यन्नाय राजा असताना ही तेढ यादवी युद्धापर्यंत गेली. त्याने आपल्या सुमारे आठशे विरोधकांना वधस्तंभावर चढविले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या बायकामुलांना ठार केले. त्याच्यानंतर त्याची विधवा राणी शेलोमत्सियोन गादीवर आली. तिने फरीसींना जवळ केले. आता पारडे फिरले होते. कालचे पीडित आज अधिकारी झाले आणि त्यांनी एकेकाला शोधून सूड घेतला.

राणीच्या मृत्यूनंतर तिच्या दोन मुलांत भांडण जुंपले. निवाडा करण्यासाठी दोघेही रोमन सेनापती पोंपी याच्याकडे गेले. जनतेचे एक तिसरे शिष्टमंडळही गेले आणि म्हणाले की, आम्हाला या दोघांपैकी कोणीच नको. ज्या समाजापाशी न्यायनिवाड्यासाठी ईशग्रंथ होता, तो आपला न्याय मागायला मूर्तिपूजक सेनापतीच्या दारात उभा राहिला! इ.स.पू. 63 मध्ये पोंपीने जेरुसलेम घेतले. एका भावाच्या लोकांनी शहराचे दरवाजे उघडून दिले, दुसऱ्याच्या लोकांनी उपासनागृहात आश्रय घेतला. तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर कत्तल झाली. त्या कत्तलीत कित्येक जण रोमन तलवारीने मेले नाहीत. ते प्रतिपक्षाच्या देशबांधवांच्या हातून मेले. स्वातंत्र्य तेव्हा जे गेले ते गेलेच.

पुढे इ.स. 66 मध्ये रोमविरुद्ध उठाव झाला. रोमन सैन्य शहराबाहेर असताना शहराच्या आत काय चालले होते? तीन सशस्त्र गट शहर वाटून बसले होते. एकाकडे उपासनागृहाचा आतील भाग, दुसऱ्याकडे बाहेरील प्रांगण, तिसऱ्याकडे शहराचा मोठा भाग. सणासाठी आलेल्या यात्रेकरूंसाठी दार उघडले, तेव्हा एका गटाने उपासकांच्या वेषात शस्त्रधारी माणसे आत घुसवली. प्रतिपक्षाला मिळू नये म्हणून त्यांनी धान्याची कोठारे जाळली. वर्षानुवर्षांच्या वेढ्याला पुरले असते एवढे धान्य आपल्याच हाताने भस्म केले. जोसेफसने हे लिहिले आहे आणि कोठारे जाळल्याची आठवण तालमूदमध्येही आहे. मग उपासमार आली. इ.स. 70 मध्ये तीतस याच्या सैन्याने उपासनागृह जाळले. आजवर ते पुन्हा उभे राहिलेले नाही.

सदूकी उपासनागृहाबरोबर नाहीसे झाले. कुमरानची वसाहतही याच युद्धात उद्ध्वस्त झाली. खंजीरवाल्यांचा शेवट मसादाच्या किल्ल्यावर झाला. आपलाच पंथ तेवढा खरा, असे प्रत्येक जण म्हणत होता, आणि आग लागली तेव्हा तिने कोणाचाही पंथ विचारला नाही.

जे टिकले ते कशाने टिकले?

या राखेतून फरीसींची परंपरा तेवढी जगली. त्यांचे काही विद्वान यवने नावाच्या गावी जमले आणि तेथे पाठशाळा उभी राहिली. या परंपरेतही मतभेद होतेच. हिल्लेल आणि शम्माय या दोन विद्वानांच्या शिष्यांत शेकडो मुद्द्यांवर वाद होते. त्यांत विवाहाच्या वैधतेचे नाजूक मुद्देही होते. परंतु इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये नोंद आहे की, एवढे मतभेद असूनही या दोन्ही घराण्यांच्या शिष्यांनी एकमेकांत सोयरीक करणे सोडले नाही. शेवटी हिल्लेलच्या शिष्यांचे मत का स्वीकारले गेले, याचे कारणही तालमूदने दिले आहे. ते विनम्र होते, आपल्या मताबरोबर विरोधकांचे मतही शिकवीत, इतकेच नव्हे तर विरोधकांचे मत आधी सांगत.

आणि त्याच तालमूदमध्ये त्या विद्वानांनी स्वतःला प्रश्न केला आहे : दुसरे उपासनागृह का नष्ट झाले? त्या काळातील लोक तर तौरातचे अध्ययन करीत होते, आज्ञा पाळीत होते, दानधर्म करीत होते! त्यांनी दिलेले उत्तर असे की, त्यांच्यात एकमेकांविषयी विनाकारण द्वेष होता. रोमच्या सैन्याला त्यांनी दोष दिला नाही. आपल्या अंतःकरणाकडे बोट दाखविले.

कुरआनचे निदान

आता कुरआनकडे वळू. सूरह अश-शूरामध्ये अल्लाहने सांगितले आहे की, लोकांत फूट पडली ती ज्ञान येऊन पोहोचल्यानंतर, आणि तिचे कारण होते ‘बग्य’, म्हणजे परस्परांवर वरचढ होण्याची हाव. हेच निदान सूरह अल-बकरा, आले-इमरान आणि अल-जासियामध्येही पुन्हा पुन्हा आले आहे. यातील मर्म पाहा. अज्ञानामुळे फूट पडली असे म्हटलेले नाही. अज्ञानावर शिक्षण हा उपाय आहे. परंतु ज्याच्या हाती ग्रंथ आहे, जिभेवर प्रमाणे आहेत आणि मनात मात्र दुसऱ्याला खाली पाडण्याची इच्छा आहे, त्याच्यासाठी प्रत्येक नवे पुस्तक हे नवे हत्यार ठरते.

मदीनेतही हेच घडले होते. इस्लामपूर्व काळात औस आणि खजरज या अरब टोळ्या लढत, तेव्हा यहुदी टोळ्या दोन्ही बाजूंना विभागून आपल्याच धर्मबांधवांवर शस्त्र चालवीत, त्यांना घराबाहेर काढीत. आणि युद्ध संपल्यावर तौरातची आज्ञा म्हणून त्याच कैद्यांना खंडणी देऊन सोडवीत. सूरह अल-बकरामध्ये त्यांना विचारले आहे की, ग्रंथाचा एक भाग मानता आणि दुसरा नाकारता काय? कैदी सोडविण्याची आज्ञा आठवली. रक्त न सांडण्याची आज्ञा मात्र विसरली!

त्याचबरोबर सूरह आले-इमरानमध्ये हेही स्पष्ट केले आहे की, ग्रंथधारक सर्वच सारखे नाहीत. रात्रीच्या प्रहरी ईशवचनांचे पठण करणारे, सजद्यात झुकणारे, भलाईत पुढे असणारे लोकही त्यांच्यात आहेत. म्हणून या इतिहासाचा उपयोग कोणी आजच्या कोणत्याही समाजाला हिणवण्यासाठी करू नये. असे करणारा कुरआनचा आरसा दुसऱ्याकडे वळवून स्वतः मागे उभा राहतो.

मतभेद आणि फूट यांतील अंतर

प्रत्येक मतभेद म्हणजे फूट नव्हे. ह. मूसा (अ.) यांनी अल्लाहच्या आज्ञेने खडकावर काठी मारली, तेव्हा बारा झरे फुटले आणि प्रत्येक कबिल्याने आपापला पाणवठा ओळखला. बारा पाणवठे, पण खडक एक आणि पाणी एकच. आपला पाणवठा ओळखणे दोष नव्हता; दुसऱ्याच्या पाणवठ्यात माती टाकणे हा दोष ठरला असता.

आपल्या प्रेषितांनी (स.) हेच शिकवले. बनू कुरैजाच्या मोहिमेवर पाठवताना त्यांनी साथीदारांना आज्ञा केली की, अस्रची नमाज तेथे पोहोचूनच अदा करावी. वाटेत वेळ संपू लागली. काहींनी शब्दांचे पालन करीत नमाज लांबवली. काहींनी आज्ञेचा हेतू लवकर पोहोचण्याचा आहे असे समजून वाटेतच अदा केली. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी दोघांपैकी कोणालाही दोष दिला नाही. सहीह बुखारीतील ही हदीस आहे. तसेच ह. उस्मान (रजि.) यांनी मिना येथे प्रवासातील दोन रकअतींऐवजी चार रकअती अदा केल्या, तेव्हा ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांना ते पटले नाही आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले, पण जमातीबरोबर त्यांनी चारच रकअती अदा केल्या. लोकांनी कारण विचारले असता त्यांनी सांगितले की, फूट पाडणे वाईट आहे.

मग एकतेसाठी सत्य गिळून टाकावे काय? नाही. बनी इस्राईलने वासराची पूजा सुरू केली तेव्हा ह. हारून (अ.) गप्प बसले नाहीत, त्यांनी लोकांना बजावले. मात्र ह. मूसा (अ.) परतेपर्यंत त्यांनी समाज तुटू दिला नाही. तू बनी इस्राईलमध्ये फूट पाडलीस, असे तुम्ही म्हणाल याची मला भीती वाटली, असे त्यांचे उत्तर सूरह ता-हामध्ये आले आहे. समोर शिर्कसारखे घोर पाप असतानाही एका प्रेषिताने फुटीची धास्ती बाळगली. आणि आपण? नमाजमध्ये हात कोठे बांधावेत, आमीन मोठ्याने म्हणावे की हळू, एवढ्यावरून आपण मशिदीचे दार कोणासाठी बंद करतो, सलामचे उत्तर देत नाही, ठरलेली सोयरीक मोडतो, जनाज्याला जात नाही!

आपल्या घरात पाहू

आपल्या महाराष्ट्रातच दोन उदाहरणे आहेत. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत आणि घाटावरील बहुसंख्य हनफी. अस्रच्या वेळेपासून वुजूच्या तपशिलापर्यंत त्यांच्यात मतभेद आहेत. तरीही ते एकाच सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. म्हणजे हे आपल्याला जमते. जे फिक्हच्या चार इमामांच्या बाबतीत जमले, ते कालपरवाच्या नावांच्या बाबतीत का जमू नये?

दुसरे उदाहरण त्याच कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राईल समाजाचे. मराठी बोलणारे, गावावरून पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावणारे, तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या परंपरेनुसार कित्येक पिढ्या त्यांच्यापाशी ना हिब्रू ग्रंथ होते, ना मोठे धर्मपंडित. परंतु ईश्वर एक आहे ही घोषणा, शब्बाथ, सुंता आणि आहाराचे नियम त्यांनी जपले. जेरुसलेमच्या महापंडितांपाशी जे होते त्यातील फारच थोडे त्यांच्यापाशी होते. पण तेवढ्यावर त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे इमान टिकले. मुलांच्या हाती धर्माचा गाभा दिला, तर तो तग धरतो. केवळ भांडण दिले, तर मुले एके दिवशी भांडणही टाकून देतात आणि त्याबरोबर धर्मही.

माता-पित्यांनो, हाच खरा धोका आहे. ज्या घरात जेवणाच्या वेळी दुसऱ्या मसलकच्या आलिमची थट्टा चालते, त्या घरातील मूल कोणत्याही आलिमचा आदर करायला शिकत नाही. म्हणून काही गोष्टींचा संकल्प करू या. मुलांना आपले मत शिकवताना दुसऱ्याचे मतही न्याय्य शब्दांत, त्याच्या प्रमाणासह सांगू. केवळ मसलक वेगळा म्हणून चांगल्या दीनदार मुला-मुलीचे स्थळ नाकारणार नाही. जी मशीद जवळ असेल तिच्यात नमाज अदा करू. ईदचा दिवस गावातील जबाबदार लोकांनी मिळून ठरवला, तर आपला हट्ट बाजूला ठेवू. एखाद्याने दुसऱ्या गटाविषयी काही सांगितले, तर त्याची शहानिशा केल्याशिवाय पुढे पाठवणार नाही. हिर्कानसच्या मेजवानीतील ती चुगली आज हातातील मोबाईलवरून क्षणात हजारो घरांत पोहोचते.

त्र्याहत्तर गटांच्या हदीसमध्ये मुक्ती मिळवणाऱ्या गटाविषयी विचारले गेले, तेव्हा तिर्मिजीतील कथनानुसार प्रेषितांनी (स.) कोणत्याही गटाचे नाव घेतले नाही. मी आणि माझे साथीदार ज्या मार्गावर आहोत त्यावर चालणारे, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. तेथे पाटी नाही, आचरण आहे. तेव्हा बहात्तरांत कोण कोण, हे मोजणे सोडू आणि त्या एका मार्गावर माझे पाऊल आहे काय, हे तपासू.

हे अल्लाह! आमच्या आधी इमान आणलेल्या आमच्या बांधवांना आणि आम्हाला क्षमा कर. आमच्या अंतःकरणांत श्रद्धावंतांविषयी आकस राहू देऊ नकोस. तू दिलेले ज्ञान आमच्यासाठी नम्रतेचे कारण बनव, वर्चस्वाचे नव्हे. आमच्या मुलांना तुझ्या दोरीला घट्ट धरून एकत्र राहण्याची सद्बुद्धी दे. आमीन.